ताबा आईकडे, पालकत्व वडिलांकडे

घटस्फोटाचा हुकूमनामा एकदाच निघतो. मुलाच्या ताब्याचा आदेश मात्र आपल्या न्यायालयांनी कधीच अंतिम मानलेला नाही. मूल मोठे झाले, आई-वडिलांपैकी कुणी दुसरे लग्न केले किंवा नोकरीसाठी गाव सोडले, की नव्याने अर्ज करता येतो. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत हे चालू राहू शकते. यात शहाणपण आहे, कारण तीन वर्षांच्या मुलाला जे लागते ते तेरा वर्षांच्या मुलाला लागत नाही. पण ज्यांना भांडायचेच आहे त्यांनाही याच सोयीने दार उघडे ठेवले आहे.

गेल्या दीड-दोन दशकांत या वादात सहपालकत्वाची मागणी पुढे आली. मुलाने एकाकडे राहायचे आणि दुसऱ्याने पाहुण्यासारखे येऊन भेटून जायचे ही पद्धत सोडावी, विभक्त झाल्यावरही दोघांनी मिळून मूल वाढवावे, असे तिचे म्हणणे. मागणी ऐकायला सरळ आहे. मात्र तिच्यावर बोलताना दोन वेगळ्या गोष्टींची सतत सरमिसळ होते. एक म्हणजे निर्णयाचा अधिकार: शाळा कोणती, शस्त्रक्रिया करायची का, पासपोर्ट काढायचा का. दुसरी म्हणजे राहणे: किती रात्री कुणाच्या घरी. आपल्या कायद्याने या दोन गोष्टी स्त्री-पुरुषांत वाटून टाकल्या आहेत आणि दोन्ही बाजूंच्या बहुतेक तक्रारी त्या वाटणीतून निघतात, असे मला वाटते. या लेखात त्याच अंगाने आजवरच्या वादाकडे पाहिले आहे.

वडिलांच्या हक्कापासून मुलाच्या हितापर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या कायद्यात मुलांवर बापाचा हक्क जवळजवळ निरंकुश होता. कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेच्या नवऱ्याने तिची मुले तिच्यापासून तोडली. तिने चालवलेल्या लढ्यातून १८३९ चा कायदा आला आणि सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागण्याची वाट आयांना मिळाली. आपल्याकडचा पालक व पाल्य अधिनियम १८९० चा. त्याच्या सतराव्या कलमात पाल्याचे कल्याण आणि समजत्या वयाच्या मुलाची पसंती यांना स्थान होते. एकोणिसाव्या कलमात मात्र बाप हयात आणि लायक असताना दुसरा पालक नेमायला न्यायालयाला मनाई होती. या कलमात बापाच्या बरोबरीने आईचा उल्लेख २०१० साली आला, म्हणजे कायदा झाल्यावर १२० वर्षांनी.

न्यायालये कायद्याच्या थोडी पुढे चालत होती. कोवळ्या वयाच्या मुलासाठी आईला पुरेसा पर्याय मिळणे अशक्य आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९४० साली म्हटले होते. पुढचे अनेक निकाल त्याचाच आधार घेतात. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने या दोन्ही प्रवाहांना सहाव्या कलमात एकत्र बसवले. मुलाचे नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई; पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे. तेराव्या कलमात मुलाचे कल्याण सर्वोपरी, असेही सांगितले आहे. वाढवायचे आईने आणि सही करायची वडिलांनी, असा त्याचा व्यवहारातला अर्थ झाला.

त्याला पहिला तडा महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात गेला. वडील हयात होते, पण मुलीशी त्यांचा काही संबंध उरला नव्हता. शेतीचा सगळा व्यवहार आईच पाहत होती. अशा परिस्थितीत आईलाच नैसर्गिक पालक मानावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये ठरवले. गीता हरिहरन या लेखिकेचे प्रकरण अधिक गाजले. मुलाच्या नावाने रोखे घेण्याच्या अर्जावर पालक म्हणून त्यांनी सही केली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही किंवा न्यायालयाचे प्रमाणपत्र मागितले. १९९९ च्या निकालात न्यायालयाने सहाव्या कलमातले ‘नंतर’ म्हणजे ‘मृत्यूनंतर’ नव्हे तर ‘अनुपस्थितीत’ असा अर्थ लावला. बेफिकिरी, दोघांतला समझोता, आजारपण हे सारे या अनुपस्थितीत आले. कलम रद्द मात्र झाले नाही. वडील पहिले, हा क्रम पुस्तकात तसाच आहे.

मुस्लिम व्यक्तिगत कायद्यातही ही विभागणी आहे, फक्त वये वेगळी. हनफी परंपरेत मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे असते (हिजानत). शिया परंपरेत मुलासाठी दोन आणि मुलीसाठी सात वर्षे. पालकत्व वडिलांचे. ख्रिस्ती, पारशी आणि विशेष विवाह कायद्यांत ताब्याच्या आदेशाची तरतूद आहे, पण निर्णयाच्या अधिकाराची वाटणी कशी करायची याबद्दल ते फारसे बोलत नाहीत.

न्यायालयात प्रत्यक्ष काय होते

स्वतंत्र कुटुंब न्यायालये असावीत, हा आग्रह दुर्गाबाई देशमुखांनी १९५३ च्या चीन दौऱ्यानंतर धरला होता. कायदा व्हायला १९८४ उजाडले आणि पुणे-मुंबईत ही न्यायालये १९८९ च्या सुमारास उभी राहिली. वकील हा पक्षकाराचा हक्क नसणे, आधी तडजोडीचा प्रयत्न, दिमतीला विवाह समुपदेशक, अशी त्यांची रचना. ताब्याचा वाद आला की समुपदेशक दोघांशी आणि मुलाशी बोलतात. समजते मूल असेल तर न्यायाधीशही त्याला आपल्या दालनात बोलावून घेतात.

मग निघतो भेटीचा आदेश, कोर्टाच्या आवारातल्या भाषेत ‘अ‍ॅक्सेस’. त्याचा साचा आता ठरून गेला आहे. महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार, मे महिन्याच्या सुट्टीचा अर्धा भाग, दिवाळीचे अर्धे दिवस, वाढदिवसाला दोन-तीन तास, आठवड्यातून ठरावीक वेळा व्हिडिओ कॉल. घरचे गणपती वडिलांकडे असले तर त्यासाठी वेगळे कलम. दोघांत अगदीच विस्तव जात नसेल तर भेट न्यायालयाच्या बालकक्षात: भिंतीवर कार्टूनची चित्रे, कोपऱ्यात अर्धवट तुटलेली खेळणी, दाराशी लक्ष ठेवून बसलेले कर्मचारी. दर पंधरा दिवसांनी दोन तास अशा खोलीत बसून कुणी बाप किंवा आई कशी होणार, ही तक्रार खोटी नाही.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. शनिवारी दहा वाजता सोसायटीच्या फाटकापाशी मूल सोपवायचे ठरलेले असते. सव्वानऊला निरोप येतो, ताप आहे. पुढच्या वेळी क्लासची परीक्षा, त्याच्या पुढच्या वेळी ‘तोच येत नाही म्हणतोय, मी काय ओढून पाठवू?’ यातले एखादे कारण खरेही असते. मुलांना ताप येतोच. ज्याची भेट चुकली त्याला अर्ज करावा लागतो, फार तर अवमानाची याचिका. तारीख दीड-दोन महिन्यांनी पडते, त्या दिवशी न्यायाधीश रजेवर असतात. अडीच वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात सहा महिने फार मोठे असतात. तेवढ्यात चेहरा परका होतो आणि मग मूल जायला नकार देते तो नकारही खराच असतो. आदेश मोडणाऱ्याला तुरुंगात धाडले तर मुलाला सांभाळणाराच आत जातो. न्यायालये म्हणून कचरतात, आणि ती कचरतात हे दोन्ही पक्षांच्या वकिलांना ठाऊक असते.

उलट बाजूलाही रोजचा जाच आहे. ताबा आईकडे आहे, पण मुलाचा पासपोर्ट काढायचा, शाळा बदलायची, परदेशातल्या स्पर्धेला पाठवायचे म्हटले की वडिलांची संमती, नाहीतर प्रतिज्ञापत्र आणि चालू खटल्याचा तपशील. पासपोर्टचे नियम २०१६ मध्ये सैल झाले. अर्जावर एकाच पालकाचे नाव चालते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये नावात आईचे नाव वडिलांच्या आधी लिहिण्याचा निर्णय घेतला. खिडकीपलीकडच्या कारकुनाला मात्र अजून वडिलांची सही बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

मागणी आणि आक्षेप

सहपालकत्वाची मागणी प्रामुख्याने विभक्त वडिलांच्या संघटनांनी लावून धरली. त्यांचे म्हणणे असे की ‘मुलाचे कल्याण’ या मोघम शब्दाआड आईला झुकते माप मिळते. अंतरिम आदेशात मूल जिच्याकडे गेले तिच्याकडेच ते राहते, कारण निकालापर्यंत तीच त्याची सवय झालेली असते. बाळंतपणाच्या खोलीपासून पालकसभेपर्यंत सोबत असणारी आजच्या बापांची पिढी वेगळी आहे. तिला पंधरवड्यातून एकदाचा पाहुणा करून ठेवणे हा मुलावरही अन्याय आहे. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क करारात दोन्ही पालकांशी संपर्क हा मुलाचा हक्क मानला आहे, याकडे ते बोट दाखवतात. सर्वोच्च न्यायालयानेही २०२० च्या एका निकालात दोघांच्या प्रेमावर मुलाचा हक्क आहे, असे स्पष्ट सांगितले. त्याच वर्षीच्या टाळेबंदीत प्रत्यक्ष भेटी थांबल्या तेव्हा व्हिडिओ कॉलचा पर्याय पुढे आला आणि त्यानंतर तो आदेशांत कायमचा वस्तीला आला.

स्त्रीसंघटना आणि कौटुंबिक हिंसाचाराचे खटले चालवणाऱ्या वकिलांचा आक्षेप मागणीच्या हेतूपेक्षा तिच्या परिणामांवर आहे. लग्न टिकले असताना ज्याने मुलाच्या शी-शूला हात लावला नाही, त्याला विभक्त होताच अर्धा वेळ का हवा? ताब्याचा अर्ज अनेकदा पोटगी कमी करून घेण्यासाठी किंवा हुंड्याची तक्रार मागे घ्यायला लावण्यासाठी टाकला जातो, हा त्यांचा अनुभव. मारहाण करणाऱ्या नवऱ्याशी दर आठवड्याला मुलाच्या निमित्ताने बोलावे लागले तर घर सोडून तिने मिळवले काय? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या एकविसाव्या कलमात दंडाधिकाऱ्याला तात्पुरता ताबा देण्याचा आणि धोका वाटल्यास भेट नाकारण्याचा अधिकार आहे. सहपालकत्व हे गृहीत धरले तर हा अधिकार बोथट होईल, ही त्यांची भीती आहे. शिवाय आर्थिक बाजू: माहेरी एका खोलीत राहणाऱ्या बाईला ‘तुझ्याकडे जागा नाही’ म्हणून मूल गमवावे लागू शकते. वास्तविक कमी उत्पन्न हे ताबा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही आणि पोटगी त्यासाठीच असते, पण तडजोडीच्या टेबलावर हा मुद्दा चालतो.

दोन्ही बाजू खऱ्या अनुभवांवर उभ्या आहेत. चांगला बाप आणि मारकुटा नवरा ही दोन वेगळी माणसे असतात, असे समजून वाद घातला जातो. न्यायाधीशासमोर कधी कधी एकच माणूस उभा असतो.

विधी आयोगाने या प्रश्नात एकाहून अधिक वेळा लक्ष घातले. १९८९ च्या १३३ व्या अहवालात पालकत्वात आईला समान दर्जा आणि तिच्याकडच्या ताब्याची वयोमर्यादा पाचवरून बारा, अशी शिफारस होती. न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा मे २०१५ चा २५७ वा अहवाल सूर बदलतो. आई आणि वडील दोघे समान नैसर्गिक पालक असावेत, हे त्यात आहेच. संयुक्त ताबा हा न्यायालयासमोरचा एक पर्याय म्हणून कायद्यात लिहावा, असेही आहे. मात्र तो गृहीत धरू नये, प्रत्येक मुलाचे हित पाहून ठरवावा, असे आयोग बजावतो. मध्यस्थी, लेखी पालकत्व आराखडा, एका पालकाने गाव बदलले तर काय, आजी-आजोबांना वेळ किती, अठरानंतरच्या शिक्षणाचा खर्च कोण उचलणार, इथपर्यंत अहवालाने विचार केला. आजी-आजोबांचा मुद्दा मला सर्वात देशी वाटतो. आपल्याकडे ताब्याच्या अर्ध्या भांडणांत खरे पक्षकार तेच असतात. संसदेच्या स्थायी समितीनेही २०२२ मध्ये समान पालकत्वाची शिफारस केली. सहावे कलम अजून जागचे हललेले नाही.

कायद्याची वाट न पाहता काही न्यायालयांनी प्रयोग केले. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ च्या एका प्रकरणात मूल जानेवारी ते जून वडिलांकडे आणि जुलै ते डिसेंबर आईकडे राहील, शिक्षणाचा खर्च निम्मा-निम्मा, दुसऱ्याला शनिवार-रविवारी भेट, असे ठरवून दिले. आयोगाने या निकालाची दखल घेतली. अशी घडी बसायला दोन्ही घरे एकाच शहरात, शाळेच्या टप्प्यात हवीत. बोरिवली आणि पनवेल हे अंतरही त्याला पुरेसे अडचणीचे आहे.

बाहेरचा अनुभव

ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये पालकांची जबाबदारी समान आणि सामायिक आहे हे कायद्यातच गृहीत धरले आणि समान वेळेचा विचार करणे न्यायालयांवर बंधनकारक केले. लोकांनी त्याचा अर्थ ‘निम्मा वेळ माझा हक्काचा’ असा घेतला. न्यायालयाबाहेरच्या तडजोडींत घाबरलेल्या आयांनी तो मान्यही केला. हिंसाचाराबाबत कायदा नंतर कडक केला गेला आणि अखेर २०२३ मध्ये हे गृहीतक काढून टाकले. बदल मे २०२४ पासून लागू आहे. स्वीडनचे चित्र निराळे. तिथे विभक्त आई-वडिलांच्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले आलटून पालटून दोन्ही घरी राहतात, आणि ते बहुतांशी पालकांच्या आपसातल्या संमतीने. बेल्जियमने २००६ मध्ये, अमेरिकेतल्या केंटकी राज्याने २०१८ मध्ये समान वाटणीच्या बाजूने कायदा केला. विभक्त झाल्यावर एकालाच पालकत्व देणाऱ्या जपाननेही २०२४ मध्ये संयुक्त पालकत्वाला वाट दिली. म्हणजे एक देश आत शिरतो तेव्हा दुसरा बाहेर पडत असतो.

अभ्यासांचे निष्कर्षही एका सुरात नाहीत. गोल्डस्टीन, अ‍ॅना फ्रॉइड आणि सॉल्निट यांनी १९७३ मध्ये मुलाला एक स्थिर ‘मानसिक पालक’ हवा, दुसऱ्याच्या भेटीही त्याच्याच मर्जीवर असाव्यात, अशी टोकाची मांडणी केली होती. ती आता फारसे कुणी मानत नाही. २००२ मध्ये बाउझरमन यांनी ३३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संयुक्त ताब्यातली मुले अधिक सावरलेली दिसली. त्यावरचा आक्षेप उघड आहे: जे जोडपे सामंजस्याने मूल वाटून घेते ते मुळातच कमी भांडणारे असते, मग श्रेय व्यवस्थेला द्यायचे की माणसांना? तान्ह्या मुलांच्या रात्रीच्या मुक्कामाबद्दल ऑस्ट्रेलियातल्या मॅकिन्टॉश यांच्या अभ्यासाने धोक्याची सूचना दिली. २०१४ मध्ये वॉर्शाक यांनी ११० संशोधकांच्या पाठिंब्याने तिला उत्तर दिले. पालकांमधले तीव्र भांडण मुलाला सर्वाधिक पोळते, एवढ्यावर बहुतेकांचे एकमत आहे. हे सगळे मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले. दोन घरांऐवजी दोन एकत्र कुटुंबे, त्यातल्या काकू-मावश्या आणि एक भाड्याची खोली, अशा परिस्थितीत ते किती लागू पडेल हे आपल्याकडच्या वकिली युक्तिवादांत क्वचित विचारले जाते.

जे सुटलेले नाही

मुलाचे म्हणणे किती मानायचे? कायदा समजत्या वयाच्या मुलाची पसंती विचारात घ्यायला सांगतो, वय मात्र सांगत नाही. मुंबईच्या एका पारशी कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये मुलीची पसंती बाजूला ठेवली, कारण ती पढवलेली वाटली. हा संशय रास्त असतो आणि तोच सोयीचाही असतो. त्यालाच पुढे ‘पालक-परात्मता’ असे शास्त्रीय वाटणारे नाव मिळाले. रिचर्ड गार्डनर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९८५ मध्ये ही कल्पना मांडली. २०१७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा उल्लेख गांभीर्याने केला. मात्र २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने सावध केले: एखाद्या पालकावर असा शिक्का घाईने मारू नका, नेमके कोणते वर्तन घडले ते तपासा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आपल्या रोगसूचीच्या निर्देशांकातून हा शब्द काढला होता. मूल तोडणारे पालक असतात यात शंका नाही. खरोखर घाबरलेल्या मुलाच्या नकारालाही हेच नाव देता येते, ही यातली पंचाईत आहे.

पाच वर्षांच्या नियमाचेही असेच. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इतक्या लहान मुलाच्या बाबतीत आई अपात्र आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी वडिलांची. आपण लायक आहोत हे आईने सिद्ध करायचे नाही. वाढत्या मुलाचे पाचव्या वाढदिवसानंतर काय, यावर मात्र सूत्र नाही. त्यामुळे निकाल न्यायाधीशागणिक बदलतात आणि मुलाला घेऊन आधी दुसऱ्या शहरात निघून जाण्याचा मोह वाढतो, कारण अर्ज मूल जिथे सामान्यतः राहते तिथल्या न्यायालयात चालतो.

हाच मोह देशाची सीमा ओलांडतो तेव्हा गुंता सर्वात कठीण होतो, आणि पुण्या-मुंबईतून न्यू जर्सी किंवा लंडनला गेलेल्या कुटुंबांना तो जवळचा आहे. लग्न मोडते, आई मुलाला घेऊन माहेरी येते, आणि तिकडच्या न्यायालयाचा मूल परत करण्याचा आदेश मागोमाग येतो. अशा मुलांना तातडीने मूळ देशात पाठवण्याचा १९८० चा हेग करार भारताने स्वीकारलेला नाही. विधी आयोगाने २०१६ मध्ये त्याला अनुरूप विधेयकाचा मसुदा सुचवला. न्या. राजेश बिंदल समितीने २०१८ मध्ये करारात सामील होण्याच्या बाजूने कौल दिला नाही. हिंसाचारातून सुटून आलेल्या स्त्रियांना तो परत ढकलेल, हे मुख्य कारण. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये परदेशी आदेश हा विचारात घेण्याच्या बाबींपैकी केवळ एक, असे म्हटले आणि २०१९-२०२० च्या प्रकरणांत मुलांना अमेरिकेला पाठवलेही. एकाच वयाच्या दोन मुलांपैकी एक पुण्यात राहते आणि एक विमानात बसते. उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसची याचिका दाखल करणाऱ्या वकिलाला आपल्या अशिलाचे मूल त्यांतले कोणते ठरेल, हे आज आधी सांगता येत नाही.